बर्लिनचा रविवार

नवऱ्याच्या जॉबमागोमाग बर्लिनला येऊन आठ महिने झाले. ब्रँडेनबुर्ग गेटसमोर फोटो काढले, भिंतीच्या उरलेल्या तुकड्यापुढे पोझ दिली. पण खरं साइटसीइंग घडलं घराखालच्या सिग्नलला! रात्रीचे साडेअकरा, रस्त्यावर चिटपाखरू नाही, आणि मी पुणेरी सवयीने सटकन पलीकडे. मागून एक आजी जे काही बोलल्या, त्याला भाषांतराची गरज नव्हती.

सिग्नलवरचा तो हॅटवाला माणूस म्हणजे ‘आम्पेलमान’. १९६१ साली कार्ल पेग्लाऊ यांनी पूर्व बर्लिनसाठी रेखाटलेला. जर्मनी एक झाल्यावर त्याला काढायला निघाले, तर लोकांनी बोंबाबोंब करून वाचवला. देश गेला, सिग्नल राहिला!

रविवारी मात्र कहर. सुपरमार्केट बंद, ड्रिलिंग बंद, काचेच्या बाटल्या कचऱ्यात टाकणंही बंद. खळ्ळकन आवाज होतो ना! शनिवारी कोथिंबीर विसरलात की पोहे बोडके.

पहिल्याच रविवारी आईला फोन लावला. ‘‘अगं, कर्फ्यू लागलाय का तिकडे? एवढं सामसूम?’’ तिच्यामागे भाजीवाल्याची आरोळी, कुकरची शिट्टी, शेजारचा टीव्ही.

म्हटलं, ‘‘आई, फोन जरा खिडकीपाशी धर ना.’’

धरला बिचारीने. पाच मिनिटं आम्ही दोघीही काहीच बोललो नाही.