प्लॅन वाढवून वायफाय सुधारत नाही

घरच्या वायफायबद्दलचा सर्वांत चिवट गैरसमज शेजाऱ्यांच्या तोंडी असतो, नातेवाइकांच्या तोंडी असतो आणि अनेकदा कॉल सेंटरवरच्या माणसाच्याही: नेट स्लो आहे ना, मग मोठा प्लॅन घ्या. शंभर एमबीपीएसचा दोनशे करा, दोनशेचा तीनशे. प्लॅन बदलतो, बिल वाढतं आणि आतल्या बेडरूममधला व्हिडिओ पूर्वी जिथे अडकायचा तिथेच गोल गोल फिरत राहतो.

घरात नेट दोन टप्प्यांनी येतं. पहिला टप्पा कंपनीपासून राउटरपर्यंत, शहरांत आता बहुधा फायबरचा. दुसरा राउटरपासून मोबाइलपर्यंत, हवेतून. प्लॅनमधला आकडा फक्त पहिल्या टप्प्याचा असतो. दुसऱ्या टप्प्याचा वेग राउटर, मोबाइल, मधल्या भिंती आणि आजूबाजूची गर्दी ठरवतात. त्यावर कंपनीला कितीही पैसे दिले तरी परिणाम होत नाही.

आकडेच पाहावेत. २.४ गिगाहर्ट्‌झच्या रेडिओपट्ट्यावर, त्यातल्या २० मेगाहर्ट्‌झच्या चॅनेलवर, एकाच अँटेनाच्या साध्या मोबाइलला ‘वायफाय ४’ या जुन्या पिढीच्या तंत्राची कमाल मर्यादा ७२ एमबीपीएसची. तीही कागदावरची. राउटरशेजारी बसूनही हाती पडतात ४०-५०, आणि दोन भिंतींपलीकडे त्याहून बरेच कमी. अशा मोबाइलला १०० आणि ३००चा प्लॅन सारखाच. शिवाय गरज तरी किती असते? नेटफ्लिक्सच्याच सांगण्यानुसार फुल एचडी चित्रासाठी ५ एमबीपीएस पुरतात, फोर-केसाठी १५. चार खोल्यांत चौघांनी एकाच वेळी फोर-के सिनेमा लावला, तरी बेरीज ६०. म्हणजे शंभराच्या प्लॅनमध्ये व्हिडिओ अडकत असेल, तर दोष आकड्यात नसून दुसरीकडे कुठेतरी आहे.

तो बहुतेक वेळा गर्दीत असतो. एका चॅनेलवर एका वेळी एकाच उपकरणाला बोलता येतं, बाकीच्यांना थांबावं लागतं. २.४च्या पट्ट्याची एकूण रुंदी जेमतेम ८३.५ मेगाहर्ट्‌झ. त्यात भारतात १३ चॅनेल वापरता येत असले, तरी एकमेकांत न मिसळणारे साधारण तीनच: १, ६ आणि ११. एका मजल्यावर सहा फ्लॅट आणि वरखाली तेवढेच, एवढे सगळे राउटर या तिन्हींवर दाटीवाटीने बसलेले असतात. मायक्रोवेव्ह ओव्हनही २.४५ गिगाहर्ट्‌झवर चालतो. दूध गरम होईपर्यंत कॉल तुटतो, ही तक्रार मनाचा खेळ नाही. ५ गिगाहर्ट्‌झचा पट्टा भिंतींपुढे लवकर दमतो, पण तिथे जागा कितीतरी जास्त. केंद्र सरकारने २०१८मध्ये या पट्ट्याचा मोठा भाग विनापरवाना खुला केला.

लांबच्या खोलीतला एक मंद मोबाइल सगळ्या घराला मागे खेचतो, यावर सहसा कुणाचा विश्वास बसत नाही. फ्रान्समधल्या ग्रेनोबलचे संशोधक मार्टिन उस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३मध्ये हेच दाखवून दिलं: एक उपकरण कमी वेगाने जोडलेलं असेल, तर जवळच्या वेगवान उपकरणांचा वेगही त्याच्या पातळीपर्यंत घसरतो. पंगतीत वाढपी एकच आणि तो एका पानाशी अडकून पडला, तर बाकीची पंगत खोळंबतेच. नव्या राउटरांत वेळेचं वाटप थोडं बरं असतं, पण वाढपी अजूनही एकच.

दोष कोणत्या टप्प्यात आहे ते ठरवायला पाच मिनिटं लागतात, आणि प्लॅन वाढवण्याआधी नेमकी तीच कुणी काढत नाही. लॅपटॉप लॅन केबलने थेट राउटरला जोडावा, त्याचं वायफाय बंद करावं आणि स्पीड टेस्ट घ्यावी. केबलवर पूर्ण वेग आला, तर कंपनीचा टप्पा ठीक, दोष वायफायचा. दोनशेच्या प्लॅनवर आकडा ९४च्या आसपास येऊन थबकला, तर राउटरचा किंवा लॅपटॉपचा पोर्ट जुना, शंभराचा आहे, किंवा केबलमधल्या आठ तारांपैकी एखादी तुटली आहे. असा राउटर ठेवून तीनशेचा प्लॅन घेणं म्हणजे निव्वळ देणगी. आणि फायबरच्या डब्यावर ‘एलओएस’ लिहिलेला दिवा लाल असेल, तर प्रकाशच पोचत नाही. कपाट सरकवताना फायबरची बारीक वायर मुडपली आहे का, एवढं पाहावं आणि तक्रार नोंदवावी. राउटरशी झटून उपयोग नाही.

दोष वायफायचा निघाला, तर पहिला उपाय फुकटचा आहे: राउटर हलवणं. वायर डक्टमधून येते म्हणून राउटर मुख्य दाराशी, चपलांच्या कपाटावर नाहीतर टीव्हीच्या मागे बसवला जातो. घराच्या मध्यभागी, छातीएवढ्या उंचीवर, लोखंडी कपाट, आरसा आणि फिशटँक यांच्यापासून दूर ठेवला की पुष्कळ घरांत एवढ्यानेच भागतं.

मोबाइलवरच्या काड्यांवरही फार भिस्त ठेवली जाते. त्या फक्त राउटरचा सिग्नल किती जोरात पोचतो ते दाखवतात. बाहेर फायबर तुटलेलं असलं तरी काड्या फुल्लच. किती सिग्नलला किती काड्या दाखवायच्या, हेही प्रत्येक उत्पादक आपापलं ठरवतो.

रीस्टार्ट आणि रीसेट एकच, हा समज महागात पडतो. राउटरचा प्लग काढून लावणं म्हणजे रीस्टार्ट. मागच्या भोकात टाचणी दाबून धरणं म्हणजे रीसेट. त्यात कंपनीने भरलेली सेटिंग्ज पुसली जातात आणि तंत्रज्ञ येईपर्यंत घर नेटविना.

बाकीचे समज किरकोळ. राउटरच्या नावापुढचा ‘५जी’ म्हणजे ५ गिगाहर्ट्‌झ. ऑक्टोबर २०२२मध्ये भारतात सुरू झालेल्या मोबाइल फाइव्ह-जीशी त्याचा संबंध नाही. अँटेनाचं टोक खोलीकडे रोखू नये: सिग्नल दांडीच्या बाजूंनी पसरतो, टोकाच्या दिशेला सर्वांत कमी. राउटरच्या यादीत अनोळखी नावं दिसली, तर शेजाऱ्यावर संशय घेण्याआधी घरचा टीव्ही आणि जुने मोबाइल मोजावेत. वायफायचं नाव लपवल्याने वेग वाढत नाही आणि सुरक्षाही नाही. पाऊस फायबरच्या काचेतल्या प्रकाशाला अडवत नाही. पावसात नेट जातं ते जोडपेटीत पाणी शिरल्याने किंवा वीज गेल्याने. वायरलेस जाळ्यांच्या क्षीण रेडिओलहरींनी आरोग्याला अपाय होतो याचा खात्रीलायक पुरावा नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने २००६मध्येच सांगितलं आहे.

सिग्नल पुढे पोचवणारा रिपीटर रेंज नसलेल्या जागी लावायचा, हा समज उलटा आहे. तिथे तो लावला, तर त्यालाही रेंज नसते. तो वाटेत, सिग्नल अजून चांगला असलेल्या जागी हवा. तरीही एकाच रेडिओचा रिपीटर ऐकायला आणि पुढे सांगायला तोच चॅनेल वापरतो, म्हणून वेग साधारण निम्मा होतो. लांबच्या खोलीत लॅन केबल ओढून तिथे दुसरा ॲक्सेस पॉइंट लावणं हा खरा उपाय. साधी ‘कॅट ५ई’ केबल १०० मीटरपर्यंत एक गिगाबिट नेते. जागचा न हलणारा टीव्ही आणि टेबलावरचा कॉम्प्युटर तर थेट केबलवरच घ्यावेत. मोबाइलसाठी हवेतली जागा तेवढीच मोकळी होते.