बाणाचें फळ : मिटलेलें आणि उघडणारें

विश्रांतवाडीच्या नजीक, येरवड्यास, डेक्कन कॉलेजची जुनी दगडी इमारत उभी आहे. येथील पुरातत्त्वज्ञांनीं १९६८ ते १९८३ या काळांत शिरूर तालुक्यांतील इनामगांवचें उत्खनन केलें. घोड नदीच्या कांठीं इ. स. पूर्व १६०० ते ७०० च्या सुमारास राहणाऱ्या त्या शेतकऱ्यांपाशीं तांबें थोडें होतें. म्हणून धारेचीं पुष्कळशीं कामें ते दगडाच्या बारीक पात्यांवर भागवीत. असलीं पातीं बाणाच्या काठीला बसविण्याची रीत प्राचीन जगांत अनेक ठिकाणीं होती. काठीनें जावयाचें आणि फळानें कापावयाचें, अशी ही कामाची वांटणी आहे. मात्र हीं दोन कामें एकमेकांच्या आड येतात, आणि बाणाची ही अडचण आजतागायत संपलेली नाहीं.

बाण जनावराला मारतो तो बंदुकीच्या गोळीसारखा आघातानें नव्हे. फळाच्या धारेनें फुप्फुस किंवा मोठी रक्तवाहिनी कापली गेली, तरच रक्तस्रावानें जनावर थोड्या अवधींत कोसळतें. बाण भलत्या ठिकाणीं बसला, तर तें जखम घेऊन रानांत निघून जातें आणि तळमळत राहतें. म्हणून शिकाऱ्याला रुंद फळ हवें असतें. परंतु रुंद फळ म्हणजे बाणाच्या तोंडाशीं लावलेले पंखच होत. शेपटीकडील पिसारा बाणाला सरळ ठेवूं पाहतो, तर तोंडाकडील पातीं त्याला बाजूला नेऊं पाहतात. वेग वाढला कीं ही ओढाताणही वाढते.

क्रॉसबो म्हणजे बंदुकीसारख्या दस्त्यावर आडवें बसविलेलें धनुष्य. त्याची दोरी ताणून अडकवून ठेवतात व घोडा ओढून सोडतात. हातानें ताण धरून ठेवावा लागत नसल्यामुळें हें धनुष्य फार कडक करतां येतें. आजच्या शिकारी क्रॉसबोचा आंखूड बाण सेकंदाला ३०० ते ४०० फूट वेगानें सुटतो. अशा वेगावर रुंद व अचल पातीं सांभाळणें कठीण जातें. त्यावर निघालेला तोडगा म्हणजे मिटणारें फळ. उड्डाणांत त्याचीं पातीं रबराच्या किंवा प्लॅस्टिकच्या कड्यानें अंगाशीं मिटून धरलेलीं असतात. लक्ष्यावर आदळतांच तें बंधन सुटतें, पातीं खिळीवर फिरून उघडतात, आणि इंचभरही नसलेलें फळ दीड-दोन इंच रुंद होतें.

युक्ति चतुर खरी, पण ती फुकट नाहीं. पातीं उघडण्यांत व रुंद जखम कापण्यांत बाणाचा जोर खर्च होतो, आणि तितका तो कमी खोल जातो. बाण तिरपा बसला तर एक पातें दुसऱ्याच्या आधीं अडकून बाणाची दिशा बदलण्याचा संभव असतो. शिवाय क्रॉसबोचा सुटतांनाचा झटका मोठा असल्यामुळें पातीं जडत्वानें मागें राहूं पाहतात व कधीं वाटेंतच उघडतात. यासाठीं बंधन घट्ट करावें, तर लक्ष्यावर तें सुटण्यासही अधिक जोर लागतो. अचल फळाची धार सदैव हजर असते; मिटणाऱ्या फळाची धार ऐन वेळीं हजर व्हावयाची असते. यंत्रानें दगा दिला तर त्याचें फळ जनावराला भोगावें लागतें, म्हणून हा फरक लहान नव्हे.

भारतांत १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वयें शिकारीस बंदी आहे. महाराष्ट्राचा धनुष्याचा लौकिक आज क्रीडांगणावर आहे. साताऱ्याच्या अदिती स्वामी व नागपूरचे ओजस देवतळे यांनीं २०२३ मध्यें बर्लिन येथें कंपाउंड धनुष्याचीं जागतिक अजिंक्यपदें मिळविलीं. देवतळे यांनीं अंतिम सामन्यांत १५० पैकीं १५० गुण घेतले. या खेळांतील बाणाचें टोंक पातींविरहित व निमुळतें असतें, कारण त्याला केवळ नेमक्या जागीं पोंचावयाचें असतें.

मात्र पोंचल्यावर उघडणाऱ्या टोंकाची कल्पना या देशांतही वापरांत आहे, आणि तीही जनावर वांचविण्यासाठीं. जुन्नर भागांत बिबटे उसांत राहतात. तेथें माणिकडोहला बिबट्यांचें निवारा केंद्र आहे. बिबट्याला बेशुद्ध करावयाचें झाल्यास औषधाचा डार्ट मारतात. त्याच्या सुईचें टोंक बंद असून औषधाचें छिद्र बाजूला असतें, व त्यावर रबरासारखी नळी चढविलेली असते. सुई कातड्यांत शिरतांना नळी मागें सरकते, छिद्र उघडतें आणि दाबलेल्या हवेनें औषध आंत ढकललें जातें. येथें वेग फाजील झाला तर डार्टच इजा करतो, आणि कमी पडला तर सुई पुरती शिरत नाहीं. औषध चढावयासही कांहीं मिनिटें लागतात. तेवढ्यांत बिथरलेलें जनावर विहिरींत पडूं शकतें. म्हणून मांडी किंवा खांद्याचा जाड स्नायु समोर येईपर्यंत, आणि भोंवतालची जागा सुरक्षित असल्याची खात्री होईपर्यंत, जाणता पशुवैद्य चापाला बोट लावीत नाहीं. टोंकाची रचना कितीही सुधारली, तरी अंतर, कोन आणि थांबण्याची वेळ हीं माणसालाच ठरवावीं लागतात.