मुलाम्याच्या आतला धातू

लग्नसराईत नांदेडच्या वजिराबादेत किंवा लातूरच्या गंजगोलाईत बेंटेक्सच्या दुकानात थोडा वेळ उभं राहिलं, तरी गिऱ्हाइकांचे प्रश्न पाठ होतात. रंग किती दिवस टिकेल? पाण्यात चालेल का? गेला तर परत पॉलिश करून मिळेल का? ठुशी, मोहनमाळ, झुमके, प्रत्येकाची पिवळी झळाळी उजेडात धरून पाहिली जाते, कडी ओढून पाहिली जाते. आतला धातू कोणता, हे मात्र कोणी विचारत नाही. विचारलं तरी दुकानदाराला सांगता येईलच असं नाही. बराचसा माल मालाड, राजकोट, मछलीपट्टणमकडून आलेला असतो आणि खोक्यावर डिझाइनच्या नंबरापलीकडे काही लिहिलेलं नसतं.

वरचं सोनं किती असतं, याचा हिशेब पाटीवर मांडता येतो. सोन्याची घनता १९.३. म्हणजे एक ग्रॅम सोनं जेमतेम ०.०५ घन सेंटिमीटर जागा व्यापतं. ते ०.१ मायक्रॉन जाडीने पसरलं, तर सुमारे ५,२०० चौरस सेंटिमीटर पृष्ठभाग झाकतं, म्हणजे अर्ध्या चौरस मीटरहून थोडा जास्त. एखाद्या हाराचा सगळा पृष्ठभाग २०० चौरस सेंटिमीटर धरला, तर त्याला ०.०४ ग्रॅम सोनं पुरतं. ‘एक ग्रॅम गोल्ड’ म्हणून विकल्या जाणाऱ्या दागिन्यात एक ग्रॅम सोनं असलंच पाहिजे, अशी भाबडी समजूत ठेवू नये. उरलेला सगळा दागिना आतल्या धातूचा असतो. वजन त्याचं, आकार त्याचा आणि त्रास झालाच तर तोही त्याचाच.

या धातूकडून चार अपेक्षा असतात. तो कमी आचेवर वितळावा, साच्याच्या बारीक कोपऱ्यांत शिरावा, वर चढवलेला मुलामा धरून ठेवावा आणि अंगाला लागू नये. पहिल्या तीन गोष्टी कारागिराला भट्टीपाशीच कळतात. चौथी कळते ती घालणारीला, घरी गेल्यावर. मिश्रधातू निवडण्याच्या शास्त्रात खरी अडचण इथेच आहे: भट्टीला जे सोयीचं, ते कातडीला सोसेलच असं नसतं.

पितळापासून सुरुवात करू, कारण ते आपल्याकडचं जुनं. पितळ ओतून मूर्ती, पायातली जोडवी, बैलांच्या गळ्यातली घुंगरं करणं ही महाराष्ट्रात ओतारी समाजाची पिढीजात ओळख. मेणात आकार घडवायचा, त्यावर मातीचे थर द्यायचे, भाजताना मेण वितळून निघालं की पोकळीत रस ओतायचा. आजच्या कारखान्यात माती जाऊन प्लॅस्टर आलं, मेणाचे नमुने हाताऐवजी रबरी साच्यातून निघू लागले आणि एका दांड्याला पन्नास-साठ नमुने चिकटवून त्यांचं झाड करतात. तत्त्व तेच आहे.

पितळात तांब्याला जस्त किती, यावर रंग ठरतो. जस्त ५-१० टक्के असेल तर तांबूस छटा राहते, ३० टक्क्यांवर नेलं की लिंबासारखा पिवळेपणा येतो. अस्सल सोन्याच्या सर्वांत जवळ जाणारं मिश्रण मधलं आहे, साधारण १२ ते १५ टक्के जस्ताचं. लंडनचे घड्याळजी ख्रिस्तोफर पिंचबेक यांनी अठराव्या शतकाच्या सुरुवातीला याच जातीच्या मिश्रणातून नकली सोन्याच्या वस्तू खपवल्या. त्यांनी ते प्रमाण गुपित ठेवलं होतं.

पितळाचा त्रास होतो तो कारागिराला. ३० टक्के जस्ताचं पितळ साडेनऊशे अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतं, आणि जस्त ९०७ अंशांनाच उकळतं. म्हणजे मूस ओतायला तयार होते तेव्हा आतलं जस्त पळून जायच्या तयारीत असतं. मुशीवर पांढरा धूर उठतो, भट्टीच्या कडेला कापसासारखा भुगा साचतो. तो झिंक ऑक्साइड. तो छातीत गेला की संध्याकाळी हुडहुडी भरून ताप येतो आणि एक-दोन दिवसांत उतरतो. मिश्रणात थोडं सिलिकॉन घातलं तर रसावर पातळ कवच धरतं, धूर कमी होतो आणि ओतकामही स्वच्छ उतरतं. घालणारीला मात्र पितळाचा फारसा उपद्रव नाही. गळ्यावर हिरवट डाग पडतो, तो घामातल्या क्षारांनी तयार झालेल्या तांब्याच्या संयुगांचा. साबणाने धुतला की जातो.

साडेनऊशे अंशांची भट्टी नको असेल, तर वळावं लागतं जस्ताकडे. आणि जवळजवळ नुसत्या जस्तावर उभी राहिलेली कला आपल्या शेजारीच आहे. उदगीर ओलांडून पुढे गेलं की बीदर. १९५६ पर्यंत उदगीर, अहमदपूर आणि निलंगा हे तालुके बीदर जिल्ह्यातच होते, त्यामुळे बिदरी कामाला परराज्यातलं म्हणायला जीभ वळत नाही. बिदरीच्या काळ्याभोर सुरईवर चांदीची वेलबुट्टी सगळ्यांनी पाहिलेली असते. तिचा मूळ धातू चांदीही नाही आणि लोखंडही नाही. १६ भाग जस्त आणि एक भाग तांबं, म्हणजे तांबं ६ टक्क्यांच्या आत.

मातीत एरंडेल तेल आणि राळ मिसळून साचा करतात आणि त्यात हा रस ओततात. बाहेर निघालेली वस्तू राखाडी, निस्तेज दिसते. कानशीने घासून झाली की तिच्यावर मोरचुदाचं पाणी फिरवतात, म्हणजे पृष्ठभाग तेवढ्यापुरता काळा पडतो आणि टोकदार अवजाराने काढलेली नक्षी पांढरी उठून दिसते. छिन्नीने खाचा पाडून त्यांत चांदीची तार ठोकून बसवतात. शेवटी वस्तू कोमट करून तिच्यावर नवसागर आणि बीदरच्या किल्ल्यातली जुनी माती यांचं मिश्रण चोळतात. काही क्षणांत जस्ताचं मिश्रण काळं होतं आणि चांदी तशीच लखलखीत राहते. किल्ल्याच्या आतल्या, वर्षानुवर्षं ऊन-पाऊस न लागलेल्या मातीत सोऱ्यासारखे नायट्रेट क्षार असतात, असं सांगितलं जातं. कारागीर माती जिभेवर ठेवून निवडतात. पण रसायनाची खरी मेख त्या ६ टक्के तांब्यात आहे. तांबं नसेल तर हा काळा रंग चढतच नाही. शाह रशीद अहमद कादरी या बिदरी कारागिरांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. आता याच कामात लोलक, कानातली, शर्टाच्या गुंड्याही होतात.

आजचा कारखानदार ज्या ‘झमाक’मध्ये पेंडंट आणि बकल ओततो, तो नात्याने बिदरीचा धाकटा भाऊ म्हणावा असा आहे. अमेरिकेतल्या न्यू जर्सी झिंक कंपनीने तो १९२९ मध्ये काढला. जस्तात ४ टक्के ॲल्युमिनियम आणि किंचित मॅग्नेशियम, काही प्रकारांत थोडं तांबं. तो ३८५ अंशांच्या आसपास वितळतो, साच्याची केसाएवढी रेघही उचलतो आणि मुलामाही चांगला धरतो, फक्त आधी तांब्याचा थर द्यावा लागतो. त्याची एकच खोड आहे: शिसं त्याला अजिबात खपत नाही. शिसं, कथील किंवा कॅडमियमचा अंश शिरला, की दमट हवेत स्फटिकांच्या सांध्यांतून गंज आत चढतो आणि दोन-चार वर्षांनी दागिना आपोआप तडकतो, फुगतो. शिशाची मर्यादा आहे ०.००५ टक्के, म्हणजे एका किलोत ५० मिलिग्रॅम, वजनाने तुरीच्या अर्ध्या दाण्याइतकं. भंगारातलं जस्त वितळवून ओतणाऱ्या छोट्या कारखान्यात ही मर्यादा पाळली जाईल, यावर माझा तरी विश्वास नाही. झमाकसाठी ९९.९९ टक्के शुद्ध जस्तच घ्यावं लागतं.

याहून सोपं काम पांढऱ्या धातूचं. कथील आणि शिसं योग्य प्रमाणात एकत्र आली की १८३ अंशांनाच पातळ होतात. एवढी आच रबरसुद्धा सोसतं. म्हणून रबराच्या गोल तबकडीत नक्षी दाबून घेतात, तबकडी गरगर फिरवत मध्यभागी रस ओततात, तो वेगाने कडेच्या पोकळ्यांत जाऊन बसतो आणि बघता बघता गोठतो. गुंतवणूक कमी, उत्पादन भरपूर. पण कथील महाग आणि शिसं त्यापुढे मातीमोल, त्यामुळे शिशाचं प्रमाण वाढवण्याचा मोह सुटत नाही. ते अंगावर घालून नाही, पोटात जाऊन मारतं. २००६ मध्ये अमेरिकेत मिनियापोलिस इथे चार वर्षांच्या मुलाने बुटांच्या जोडीवर फुकट मिळालेल्या ब्रेसलेटचा छोटा बदाम गिळला आणि तो दगावला. त्या बदामात ९९ टक्के शिसं निघालं. दोन वर्षांत तिथे मुलांच्या वस्तूंसाठी नवा कायदा झाला आणि २०११ पासून शिशाची मर्यादा ०.०१ टक्क्यावर आली. पांढरा धातू शिशाशिवायही होतो: कथील ९२, अँटिमनी ६, तांबं २. तोही तीनशे अंशांच्या आसपास ओतता येतो. आपल्याकडे मूल जे हाताला लागेल ते तोंडात घालतं, तेव्हा पायातल्या वाळ्यांसाठी आणि बिंदल्यांसाठी तरी शिशाचं मिश्रण नको.

आता ‘माझ्या कानाला खोटं चालत नाही’ या तक्रारीकडे येऊ. त्यातलं खोटं म्हणजे बहुतेक वेळा निकेल. किनवट, माहूर, मुखेडच्या तांड्यांवर बंजारा स्त्रियांच्या घुगऱ्या, टोपल्या, हासळ्या पूर्वी चांदीच्या असत. चांदी परवडेनाशी झाली तसं त्यांची जागा जर्मन सिल्व्हरने घेतली. नावात सिल्व्हर असलं तरी त्यात चांदीचा कणही नाही. साधारण ६० टक्के तांबं, २० टक्के निकेल, २० टक्के जस्त. दिसायला चांदी, मजबुतीला तिच्याहून सरस आणि काळं पडण्यातही कमी. पितळी दागिन्यातही निकेल लपून येतं, कारण सोन्याच्या मुलाम्याखाली चकाकी यावी म्हणून निकेलचा थर देतात. सोनं ०.१ मायक्रॉन, ते घासून जायला कितीसा वेळ लागतो?

मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर गेला की कानामागून घाम वाहतो. घामातलं क्लोराइड निकेलला विरघळवतं आणि निकेलचे आयन कातडीत उतरतात. पुढचा प्रकार २०१० मध्ये जर्मन संशोधकांनी उलगडून दाखवला. आपल्या पेशींवर टीएलआर-४ नावाचा एक पहारेकरी ग्राहक असतो, त्याचं काम जिवाणू ओळखायचं. माणसाच्या या ग्राहकात दोन हिस्टिडिनं (अमिनो आम्लं) अशा जागी बसलेली आहेत, की निकेल नेमकं तिथे जाऊन चिकटतं आणि शरीर जंतूच शिरला असं समजून पेटतं. उंदराच्या ग्राहकात ती हिस्टिडिनं नाहीत, म्हणून निकेलने तो असा पेटत नाही. खाज लगेच येत नाही, एक-दोन दिवसांनी येते, म्हणून बाई लग्नातल्या झुमक्यांऐवजी नव्या साबणाला दोष देते. एकदा शरीराने निकेल ओळखलं की ती ओळख जन्मभर पुसत नाही. घड्याळाचं बकल आणि जीन्सची गुंडीसुद्धा मग त्रास देऊ लागते. कान टोचताना सोनाराने सोन्याचीच तार घालावी, हा आजीचा हट्ट या दृष्टीने अगदी शास्त्रीय. उघड्या जखमेतून होणारी ओळख सर्वांत पक्की. म्हणूनच युरोपात साध्या दागिन्याला आठवड्याला प्रति चौरस सेंटिमीटर ०.५ मायक्रोग्रॅम निकेल सुटायची मुभा आहे, टोचलेल्या जागेतल्या काडीला फक्त ०.२.

सुटायची मुभा, असण्याची नव्हे. नांदेडला सचखंड गुरुद्वाराच्या भोवतालच्या दुकानांत टांगलेली कडी पाहा. शुद्ध लोखंडाचं सर्बलोह कडं गंजतं, पण त्यात निकेल नसतं. स्टेनलेस स्टीलच्या कड्यात ८ टक्के निकेल असू शकतं, तरीही ते सहसा कोणाला लागत नाही. त्यातल्या १८ टक्के क्रोमियमने पृष्ठभागावर काही नॅनोमीटरचा ऑक्साइडचा पापुद्रा धरलेला असतो, तो ओरखडला तरी हवेत पुन्हा भरून येतो आणि निकेलला आतच कोंडून ठेवतो. मग सगळे दागिने स्टीलचेच का करू नयेत? कारण ते ओतायला १४०० अंशांहून जास्त आच लागते. कडं म्हणूनच ओतत नाहीत, सळई वाकवून सांधतात. ठुशीचा बारीक मणी असा घडवता येत नाही.

मला विचाराल तर कानाच्या काडीपुरतं स्टील वापरावं, जाळीदार नक्षी १५ टक्के जस्ताच्या पितळात ओतावी आणि मुलाम्याखाली निकेलऐवजी तांब्याचा किंवा तांबं-कथिलाच्या पांढऱ्या ब्राँझचा थर द्यावा. जड पेंडंटला झमाक ठीक, पण नव्या जस्ताचा. जर्मन सिल्व्हर कमरपट्ट्यालासुद्धा नको, तोही पोटावर घामातच असतो.

घरात असलेला दागिना तपासायचा, तर डायमिथाइलग्लायॉक्झिमची चाचणी स्वस्त आहे. त्या द्रावणाचा आणि अमोनियाचा थेंब कापसाच्या बोळ्यावर घेऊन दागिन्याची मागची बाजू चोळायची. बोळा गुलाबी झाला की निकेल सुटतंय. शिसं आणि कॅडमियम यात दिसत नाहीत. त्यासाठी क्ष-किरणांचं यंत्र लागतं, आणि त्याच तत्त्वावर चालणारं कॅरेट मोजायचं यंत्र आता सराफ्यात अनेक ठिकाणी बसलेलं आहे. क्ष-किरण ०.१ मायक्रॉनच्या सोन्यातून सहज आरपार जातात, त्यामुळे मुलामा न खरवडता आतलं निकेल आणि शिसं वाचता येतं. फक्त यंत्रात त्या धातूंचं मापन चालू असावं लागतं, आणि दुकानदाराची दीडशे रुपयांचं कानातलं त्याखाली ठेवायची तयारी.