गॅस संपत नाही, गळतो

‘एसी थंड करत नाही, गॅस संपला असेल, भरून टाका.’ उन्हाळा लागला की गॅरेजमध्ये हे वाक्य हमखास ऐकू येतं. पण पेट्रोलसारखा हा गॅस जळत नाही. बंद नळ्यांमधून तोच तो वर्षानुवर्षं फिरतो. कमी झाला असेल, तर कुठून तरी गळालेला असतो.

त्याचा फेरा असा. इंजिनच्या बेल्टवर चालणारा कॉम्प्रेसर गॅस दाबतो, तसा तो तापतो. रेडिएटरपुढच्या कंडेन्सरमध्ये उष्णता बाहेर टाकून त्याचा द्रव होतो. ड्रायर त्यातला ओलावा टिपतो. एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या बारीक छिद्रातून बाहेर पडताच दाब कोसळतो आणि डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलमध्ये तो द्रव शून्याच्या आसपासच उकळू लागतो. उकळायला लागणारी उष्णता तो केबिनमधल्या हवेतून घेतो. त्या हवेतलं बाष्प कॉइलवर धरतं. गाडीखाली ठिबकतं ते हेच पाणी, त्यात काळजीचं काही नाही.

घरच्या फ्रिजचा गॅस मात्र वर्षानुवर्षं टिकतो, तो कसा? फ्रिजची मोटर आणि कॉम्प्रेसर एकाच सीलबंद डब्यात असतात. गाडीत कॉम्प्रेसरचा शाफ्ट बेल्टसाठी बाहेर काढावा लागतो आणि तिथे सील येतं. शिवाय इंजिन हलतं, म्हणून काही नळ्या रबरी ठेवाव्या लागतात. गळतीच्या जागा रचनेतच आहेत. गॅससोबत फिरणारं तेल सील ओलं ठेवतं. म्हणून हिवाळ्यातही अधूनमधून दहा मिनिटं एसी चालवावा.

अमेरिकेतल्या पॅकार्ड कंपनीने १९४०च्या मॉडेलांसाठी एसी देऊ केला, तेव्हा कॉम्प्रेसरला क्लचही नव्हता. इंजिन चालू म्हणजे कॉम्प्रेसर चालू. थंडीत बेल्टच काढून ठेवायचा. पुढे क्लच आला, पण सील राहिलंच.

गळालेल्या गॅसचा हिशेब जगाला महागात पडला. पूर्वी एसीत असणारा आर-१२सारखा गॅस ओझोनचा थर खातो, हा इशारा मोलिना आणि रोलंड या शास्त्रज्ञांनी १९७४मध्ये दिला. १९८७मध्ये अशा वायूंना आळा घालणारा माँट्रियल करार झाला. नव्वदच्या दशकात आर-१३४ए आला. तो ओझोनला धक्का लावत नाही, पण शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४३० पट तापमानवाढ करतो. म्हणजे ४०० ग्रॅम गॅस उडाला की पावणेसहाशे किलो कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखंच. युरोपात २०१७पासून नव्या मोटारींत त्याला बंदी आहे. तिथे प्रामुख्याने आर-१२३४वायएफ वापरतात.

म्हणून नुसतं ‘टॉप-अप’ म्हणजे दुरुस्ती नव्हे. जाणता मेकॅनिक आधी उरलेला गॅस मशीनने काढून घेतो, नायट्रोजनचा दाब देऊन साबणाच्या फेसाने गळती शोधतो, भाग बदलतो. सिस्टिम उघडली की ड्रायरही बदलणं बरं. मग व्हॅक्यूम पंप लावतो: दाब घटला की आत राहिलेला ओलावा साध्या तापमानालाही उकळून निघून जातो. तो राहिला तर व्हॉल्व्हमध्ये बर्फ धरतो, आतले भाग गंजतात. शेवटी गॅस वजनावर भरतो, कारण जास्त झाला तरी थंडावा घटतो आणि कॉम्प्रेसरवर ताण येतो.

बॉनेटखालच्या स्टिकरवर गॅसचं नाव आणि ग्रॅम छापलेले असतात. बिल देण्याआधी तीन गोष्टी विचारा: गळती कुठे सापडली, व्हॅक्यूम किती वेळ धरला, किती ग्रॅम भरले. पहिल्या प्रश्नाचं उत्तर मिळालं नाही, तर पुढच्या उन्हाळ्याचेही पैसे आत्ताच बाजूला काढून ठेवा.