शेजारीच न्यायाधीश

रवांडातल्या किगालीत राहायला गेलेल्या परक्या माणसाला आधी दिसतात ते लखलखीत रस्ते. खरा धक्का बसतो ७ एप्रिलला. त्या दिवशी गाणीबजावणी बंद, वस्तीवस्तीत १९९४ च्या नरसंहाराच्या स्मृतिसभा. मग एकदम लक्षात येतं: भाजीवाली असो की मोटारसायकलवाला, चाळिशीपुढचा प्रत्येक जण तेव्हा कुठे ना कुठे होताच की!

१९९४ मध्ये जेमतेम शंभर दिवसांत रवांडात आठ ते दहा लाख माणसं मारली गेली, बहुसंख्य तुत्सी समाजाची. मारणाऱ्यांत सैनिक होते, तसे कोयते घेतलेले शेजारीही होते. ओळखपत्रावर माणूस हुतू समाजाचा की तुत्सी, हे छापलेलं असे. बेल्जियन राजवटीने १९३० च्या दशकात लावून दिलेली ही सोय नाक्यानाक्यावर मरणाला पुरेशी ठरली. आज ओळखपत्रावर तो रकानाच नाही.

रकाना काढता येतो हो, पण या हत्यांच्या आरोपाखाली तुरुंगात कोंबलेल्या लाखाहून अधिक कैद्यांचं काय? न्यायाधीश, वकील स्वतःच मारले गेलेले. नेहमीच्या कोर्टांच्या गतीने निकालांना शंभरावर वर्षं लागली असती.

आपल्याकडे पूर्वी गोतसभा बसे, तशी तिथे तंटे मिटवणारी जुनी पद्धत होती, गाचाचा. तिलाच कायद्यात बसवलं. गावाने आपल्यातलेच न्यायाधीश निवडले: शेतकरी, शिक्षक, कित्येक बायका. पगार नाही, कायद्याची पदवी नाही. आठवड्यातून एकदा झाडाखाली, गवतावर बसायचं. आरोपी समोर, ज्यांची माणसं गेली तेही समोर, आणि सगळे एकाच टेकडीवर राहणारे!

यातली खरी चावी कबुलीत होती. गुन्हा कबूल करा, साथीदार सांगा, प्रेतं कुठे टाकली ते सांगा. शिक्षा घटेल, काही भाग रस्ते-घरं बांधण्यात भोगता येईल. ज्या आईला मुलाची हाडंही मिळाली नव्हती, तिला ती जागा मारेकऱ्याखेरीज दुसरं कोण दाखवणार? काही ठिकाणी तो उठून चालू लागे, मागोमाग गाव कुदळी घेऊन. २०१२ मध्ये हे काम संपलं, तेव्हा सुमारे बारा हजार न्यायालयांनी दहा लाखांहून अधिक खटले निकालात काढले होते. जगात असं दुसरं उदाहरण मला तरी माहीत नाही.

निर्दोष म्हणता येणार नाही ते. आरोपीला वकील नसे, साक्षीदारांना धमक्या येत, काही मारलेही गेले. हत्याकांड थांबवून सत्तेवर आलेल्या बंडखोर बाजूच्या सैनिकांनी केलेल्या हत्या या न्यायालयांपुढे आल्याच नाहीत. आणि सगळे बोलले असंही नाही. २०१८ मध्ये किगालीजवळ घरांखाली सामूहिक कबरी सापडल्या. त्यांच्यावर माणसं इतकी वर्षं नांदत होती. ठाऊक असणारे आसपास कुणीच नव्हते, यावर वाचलेल्यांनी विश्वास कसा ठेवावा?