गाळाचं गाव

अॅल्युमिनाच्या कारखान्यात उमेदीची वर्षं घालवलेला माणूस परक्या मुलखातल्या तशाच कारखान्यापाशी गेला, की आधी धुराड्यांकडे बघत नाही. गाळ कुठे साठवलाय ते शोधतो. आयकाला मी तेच केलं. पश्चिम हंगेरीत, बाकोन डोंगराच्या पायथ्याशी, टोर्ना ओढ्याकाठचं हे शहर. वस्ती तीस हजारांच्या आत. पश्चिमेला ओढ्याच्या कडेने सपाट माथ्याचे लांबच लांब बांध, आणि त्यांच्यापलीकडे द्राक्षमळ्यांनी वेढलेला शोमलोचा एकटा डोंगर.

आयका वाढलं ते कोळशावर. १८७८मध्ये इथे काचेची भट्टी आली. तिथली नक्षीदार क्रिस्टलची भांडी पुढे जगभर गेली. १९४०च्या दशकात अॅल्युमिना आणि अॅल्युमिनियमचे कारखाने उभे राहिले, कारण बॉक्साइट हालिंबा आणि न्यिरादला, म्हणजे हाकेच्या अंतरावर होतं. आपल्या राधानगरीकडे बॉक्साइट सड्यांवर, जांभ्याच्या थरात उघड्यावर मिळतं. बाकोनमध्ये ते चुनखडकाच्या पोकळ्यांत, जमिनीखाली दडलेलं. त्या खडकात पाणी खेळतं, म्हणून खाण कोरडी ठेवायला न्यिरादला वर्षानुवर्षं प्रचंड उपसा चालला. इतका, की दूरच्या हेविझच्या गरम पाण्याच्या तळ्याचे झरे मंदावले. शेवटी १९९०मध्ये तो उपसा थांबवला गेला आणि त्याबरोबर तिथलं खाणकामही.

दगड कारखान्यात आला की तो दळतात आणि कॉस्टिक सोड्याच्या तापलेल्या द्रावात दाबाखाली शिजवतात. या द्रावाला आम्ही लिकर म्हणतो. सड्यावरचं बॉक्साइट दीडशे अंशांच्या आसपास विरघळतं. हंगेरीतलं चिवट, त्याला दोनशे चाळीसपर्यंत न्यावं लागतं. म्हणजे वाफ जास्त आणि कोळसाही जास्त. अॅल्युमिना द्रावात उतरतो. लोखंड, टायटॅनियम, वाळू मागे राहतात. तोच लाल गाळ. मोठ्या टाक्यांमध्ये तो तळाशी बसतो, वरची नितळ लिकर काढून घेतात. मग ती निववून तिच्यात जुन्या हायड्रेटचे, म्हणजे पाणी धरलेल्या अॅल्युमिनाचे, कण सोडतात. दुधाला विरजण लावावं तसंच हे काम आहे: कण किती, किती बारीक, लिकर किती निवलेली, यावर सगळी पाळी अवलंबून. पांढरा हायड्रेट तयार झाला की हजार अंशांवर भाजून त्यातलं पाणी घालवायचं. या कामातला सर्वांत देखणा क्षण तो. भट्टीतून पडणारी पांढरीशुभ्र पूड बघताना मला आजही समाधान वाटतं.

ही पूड बहुतेक आयकात राहिली नाही. एक टन धातू गाळायला तेरा-चौदा हजार युनिट वीज लागते, आणि हंगेरीकडे तेवढी वीज नव्हती. १९६२च्या करारानुसार अॅल्युमिना सोव्हिएत संघात जायचा आणि धातू होऊन परतायचा. हंगेरीचं ज्ञानही बाहेर गेलं; आपल्या कोरबाचा अॅल्युमिना कारखाना हंगेरियन तंत्रज्ञांच्या मदतीने उभा राहिला. गाळ मात्र जागेवरच. अॅल्युमिनाच्या प्रत्येक टनामागे जवळजवळ तेवढाच, कधी दीडपट. त्यासाठी वीजकेंद्राच्या राखेचे बांध घालून तलाव केले गेले. कोळशाची राख बॉक्साइटचा गाळ अडवत होती.

४ ऑक्टोबर २०१० रोजी दुपारी दहाव्या तलावाचा वायव्य कोपरा फुटला. दहा लाख घनमीटरच्या आसपास गाळ आणि पाणी टोर्नाच्या खोऱ्यातून कोलोंतार आणि देवेचेरमध्ये शिरलं. दहा माणसं गेली. गाळ पातळ करून पंपाने टाकायची रीत, त्यामुळे तलावात वर क्षारयुक्त पाणी साठलेलं. त्याचा सामू तेराच्या घरात. कॉस्टिक अंगावर उडालं की आधी फक्त बुळबुळीत लागतं. आग नंतर होते, आणि तोवर कातडी आत भाजलेली असते. म्हणून आमच्याकडे ठिकठिकाणी पाण्याचे शॉवर असतात आणि नवख्याला पहिल्या दिवशी तेच दाखवतात. कोलोंतारच्या घरांत हे कुणी कुणाला सांगितलं असणार? बायाबापड्या त्या चिखलातून चालत बाहेर पडल्या. याचा मला अजून संताप येतो, कारण गाळात काय आहे हे या धंद्यातल्या प्रत्येकाला ठाऊक असतं.

ओढ्यात जिप्सम ओतून क्षार मारावा लागला. टोर्ना आणि तिच्या पुढच्या मार्सल नदीतलं जिवंत सगळं संपलं होतं. २०११पासून आयकात कोरडी पद्धत आली: गाळातलं पाणी आधी काढायचं, मगच तो रचायचा. अशाने तो वाहत नाही आणि त्यातला सोडाही परत मिळतो. खरं तर नुसत्या हिशेबासाठीही हे आधी करण्यासारखं होतं.

लाल गाळात तिसऱ्या हिश्शाहून अधिक लोखंडाचं ऑक्साइड असतं, थोडं टायटॅनियम, किंचित स्कँडियम. आयकाच्या रसायनतज्ज्ञांनी लिकरमधून गॅलियम काढून दाखवलं होतं. गाळातलं लोखंड परवडेल अशा खर्चात काढायची वाट अजून सर्रास कुणाला साधलेली नाही. तोवर जिथे जिथे असे तलाव आहेत, तिथे कुणीतरी बांधावरून चालत जाऊन पायथ्याशी नवी ओल आली आहे का, माथ्यावर भेग पडली आहे का, हे वाकून बघायला हवं, आणि त्याने वहीत लिहिलेलं वरच्या साहेबांनी त्याच दिवशी वाचायला हवं.