आर्या मोजायची कशी?

कवी मोरोपंत जन्मले पन्हाळ्याला, १७२९ साली, आणि हयात गेली बारामतीत. पण पराडकर घराणे मूळचे राजापूर तालुक्यातल्या सौंदळचे, तेव्हा रत्नागिरीकरांनी थोडा हक्क सांगायला हरकत नाही. अख्खे महाभारत त्यांनी आर्या या वृत्ताच्या ज्या साच्यात ओतले, तो उलगडायला दोन ओळी पुरतात. या माझ्या आहेत, पंतांच्या माथी मारू नका:

आल्या होड्या परतुनि, मिरकरवाड्यात धावले वारे
ठेवुनि ओली जाळी, एक खलाशी श्रमा घरि निवारे

ऱ्हस्वाची, म्हणजे लघूची, मात्रा एक; दीर्घाच्या, म्हणजे गुरूच्या, दोन. चार-चार मात्रांचा एकेक गण पाडत जायचे: आल्या । होड्या । परतुनि । मिरकर । वाड्या । तधाव । लेवा । रे. सात गण आणि शेवटी एक गुरू, म्हणजे तीस मात्रा. बारा मात्रांवर, 'परतुनि'नंतर, विसावा.

नवशिका अडतो तो 'वाड्यात'च्या 'त'पाशी. बोलताना आपण तो पाय मोडून उच्चारतो. पद्यात मात्र तो पुरता म्हणायचा आणि त्याची मात्रा धरायची. 'परतुनि', 'घरि' यांतली ऱ्हस्व वेलांटी हीसुद्धा मात्रांचीच सोय.

खरी गंमत सहाव्या गणात. तिथे लघु-गुरु-लघु (तधाव, श्रमाघ) हवे, नाहीतर चारही लघू. पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या, सातव्या जागी मात्र हाच लघु-गुरु-लघु गण निषिद्ध. त्यामुळे ओळ सरळ चालत येते, शेवटाआधी एक हेलकावा घेते आणि मग टेकते. कीर्तनकाराला हा हेलकावा आयताच मिळतो.

टेकते ती यमकावर. 'वारे' आणि 'निवारे': अक्षरे तीच, अर्थ निराळा. पंत तर तीन-चार अक्षरे सहज जुळवतात. कथेला याचा फायदा असा, की एक आर्या म्हणजे एक घटना किंवा एक तडाखेबंद उत्तर; संवादात ती फार शोभते. तोटाही आहे. यमकासाठी अडगळीतला संस्कृत शब्द ओढून आणला, की गोष्ट तिथेच खोळंबते; पंतांच्या बाबतीत हे माझ्या मते बऱ्याचदा होते.

आता नावाचा घोटाळा. शास्त्राप्रमाणे आर्येच्या दुसऱ्या ओळीत सहावा गण एकाच लघूचा, म्हणून मात्रा सत्तावीस. दोन्ही ओळी तीसच्या असल्या की ती गीति. पंतांचे महाभारत, म्हणजे 'आर्याभारत', उघडून कुठलीही दुसरी ओळ मोजा, बहुतेक वेळा तीसच भरतील.